आगाशे मास्तरांचा बुधवार

आठवड्याच्या सात वारांपैकी कोणता वार कुणाच्याच देवाचा नाही, हे शोधून काढायला आगाशे मास्तरांना पंधरा दिवस लागले. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा आणि देवीचा. गुरुवारी दत्त. शुक्रवार मुसलमानांचा, शिवाय आमच्या बायकांच्या लक्ष्मीचा. शनिवार मारुतीचा आणि नागावकर सरांचा, कारण ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले यहुदी, आणि शनिवारी ते काडीसुद्धा ओढत नसत. रविवार चर्चचा. राहिला बुधवार. मास्तरांनी तो वहीत लिहिला, खाली दोन रेघा ओढल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन जाहीर केला. त्यांच्या पत्नी, माई, भाकरी थापत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "बुधवार पांडुरंगाचा."

मास्तरांनी वहीतल्या दोन रेघांकडे पाहिलं. मग म्हणाले, "पांडुरंग चालवून घेईल."

हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, कारण ठाण्याच्या नौपाड्यात आमचं आणि त्यांचं अंगण एकच होतं आणि आवाज अडवील अशी भिंत दोघांच्याही घराला नव्हती. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, थोरल्या भावाकडे राहत होते आणि मास्तरांच्याच शाळेत नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते. मास्तर पदार्थविज्ञान शिकवत. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटकुळे, आणि काळ्या कोटाच्या दोन्ही खिशांत खडूचे तुकडे. रविवारी माई तो कोट अंगणात आणून झटकायच्या तेव्हा पांढरा ढग उठायचा आणि आमच्या वाळवणावर येऊन बसायचा. मला ते पहिल्या दिवसापासून 'सुधाबाई' म्हणत. सुरुवातीला मी मागे वळून बघायची, कोण बाई आली म्हणून.

त्यांचा एक धडा शाळेत प्रसिद्ध होता. वर्गाच्या सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे आणि एका झडपेला पाडलेल्या भोकातून उन्हाची तिरीप आत घ्यायची. समोरच्या भिंतीवर एक लखलखीत ठिपका पडे. "भोक दिसतंय. ठिपका दिसतोय. मधला प्रकाश कुठाय?" असं विचारून ते पोरांकडे बघत राहायचे. कुणालाच काही दिसत नसे. मग ते दोन डस्टर एकमेकांवर आपटायचे, खडूची धूळ उडायची आणि भोकापासून भिंतीपर्यंतचा उजेडाचा पट्टा एकदम हवेत उभा राहायचा. "प्रकाश दिसत नसतो," ते म्हणायचे. "त्याच्यात बाकीचं दिसतं." मी हा धडा दाराबाहेरून तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा माझ्या लक्षात आलं की मास्तर हे पोरांना कमी आणि स्वतःला जास्त सांगतायत.

मी स्वतः काही भाविक नव्हते. देवापुढे हात जोडायचा मला लहानपणापासून कंटाळा. त्यामुळे मास्तरांच्या या खटाटोपाकडे मी पहिली काही वर्षं गमतीनेच पाहत होते, हे कबूल करायला हवं.

खटाटोप सुरू झाला तो फाळणीनंतर. कल्याणच्या पलीकडे, शहाड ओलांडून, लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधमधून आलेली माणसं उतरवली होती. आम्ही शिक्षक दर रविवारी जुने कपडे आणि पाट्या-पेन्सिली घेऊन तिकडे जात असू. एका बराकीत एक म्हातारी होती. तिला सगळे अम्मा म्हणत. बराकीच्या भिंतीला सैनिकांनी ठोकलेली एक फळी होती आणि तिच्यावर अम्माचा पितळी दिवा जळत होता. मागे तसबीर नाही, मूर्ती नाही, नुसती चुन्याची भिंत.

"देव कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"मूरत उधर रह गई," अम्मा म्हणाली. "जोत साथ में ले आई."

वाटेत दिवा कितीदा तरी विझला होता. जिथे मुक्काम पडला तिथे तिने तो पुन्हा लावून घेतला होता, कधी दर्ग्यातल्या चिरागावर, कधी गुरुद्वाराच्या ज्योतीवर, आणि एकदा बंदरावर कुणा परक्या बाईच्या चुलीवर. मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि तो न घालताच विचारलं, "मग ही ज्योत आता कुणाची म्हणायची?"

अम्माने, मास्तरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेने त्यांच्याकडे पाहिलं. "उजाला किसीका होता है क्या, मास्टरजी?"

परतताना ठाण्याला उतरल्यावर मास्तर म्हणाले, "सुधाबाई, मला एक खोली पाहिजे."

"तुमच्याकडे आहे की, बाहेरची."

"आहे. पण ती रिकामी करायला पाहिजे."

आणि त्यांनी ती केली. कॅलेंडरं गेली, तसबिरी गेल्या, वडिलांचा फोटोसुद्धा खिळ्यावरून उतरला. माईंनी सगळे देव स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यात नेले आणि जागा पुरत नाही म्हणून दोन दिवस भांडी आपटली. मास्तरांना हवं होतं ते एवढंच. आठवड्यातून एकदा, कुठल्याही धर्माच्या माणसाने न बिचकता यावं आणि ज्याला कुणीच आकार देऊ शकत नाही त्या एका प्रकाशापुढे पंधरा मिनिटं सगळ्यांच्या सोबत बसावं. "एक माणूस जरी दाराशी अडला, तरी खोली फुकट गेली," ते म्हणायचे. हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं की पुढे आम्हीच ते त्यांच्या आधी पुरं करायचो.

वार ठरला तसा दिवा ठरेना. समई आणली तर नागावकर सर म्हणाले, "हिच्यासमोर बसलो की मला वाटतं आता कुणीतरी प्रसाद देणार." नागावकर सर आमचे चित्रकलेचे शिक्षक. मूळचे अलिबागकडचे, मराठी आमच्यापेक्षा अस्सल. मेणबत्ती लावून पाहिली तर माईच म्हणाल्या, "हे चर्चातल्यासारखं दिसतंय हो." मी विजेचा बल्ब सुचवला. तेव्हा आमच्या बाजूला वीज नुकतीच आली होती. मास्तर म्हणाले, "बटण दाबलं की हजर होणारा देव मला नको." शेवटी ते उठले आणि स्टेशनजवळ कासीमभाईंच्या दुकानात गेले.

कासीमभाईंचं दुकान म्हणजे कंदील आणि स्टोव्ह दुरुस्त करायची पत्र्याची खोपटी. राहायला ते कल्याणला, माणूस मूळ कोकणातला. दोघे भाऊ फाळणीत कराचीला गेले होते आणि हे राहिले होते. का राहिलात, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "इथले कंदील कोण नीट करणार?" मास्तरांनी त्यांना सगळी हकीकत सांगितली. कासीमभाईंनी छताला टांगलेला एक साधा कंदील काढला, काच फडक्याने पुसली आणि पुढे ठेवला.

"ह्यो न्या. कंदिलाला जात नाय. मी रोज वीस बघतो."

मास्तर खूश झाले. "तुम्हीही यायचं, बुधवारी."

"येईन. पण एक आधीच सांगतो, मास्तर. अल्ला एकच आणि तो नूर आहे, उजेड आहे, हे मला लहानपणापासून शिकवलंय. म्हणून मी बसेन. पण ह्या कंदिलासमोर मान झुकवणार नाय. हा कंदील आहे."

"मीही तेच म्हणतोय."

"म्हणायला सोपं असतं," कासीमभाई म्हणाले आणि पुन्हा स्टोव्हच्या गळक्या टाकीला डाग द्यायला बसले.

तर असा तो बुधवार सुरू झाला. संध्याकाळी साडेसहाला माणसं यायची. सतरंजीवर बसायची. भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात कंदील. कुणी कुठलंही नाव मोठ्याने घ्यायचं नाही, गायचं नाही, बोलायचं नाही. मास्तरांच्या हातात त्यांचं झाकणाचं खिशातलं घड्याळ असायचं. पंधरा मिनिटं झाली की झाकण मिटायचं, टक्क. तो आवाज झाला की उठायचं. अम्मा कँपातून यायची. नागावकर सर यायचे. चर्चजवळ राहणारी एक नर्स यायची, शाळेतले दोघंतिघं यायचे, आणि गंमत बघायला म्हणून आलेली मीही दर बुधवारी तिथेच सापडायची. माई मात्र येत नसत. त्या स्वयंपाकघरात आपल्या बाळकृष्णापुढे असायच्या. "मला रूप लागतं," त्या मला म्हणाल्या होत्या. "समोर डोळे-नाक नसलेल्याशी मी काय बोलू?" मास्तरांनी त्यांना एकदाही आग्रह केला नाही. पण बुधवारी सगळे गेले की ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन उगीच उभे राहत, आणि माई त्यांना उगीच उभं राहू देत.

मास्तरांचा हट्ट काय चीज होती ते एका निवृत्त न्यायाधीशांना कळलं. कुणीतरी त्यांना पाहुणे म्हणून आणलं होतं. बसल्या बसल्या त्यांनी घसा खाकरला आणि सर्व धर्मांचं सार या विषयावर बोलायला सुरुवात केली. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. न्यायाधीश बोलतच राहिले. मास्तर उठले, त्यांच्यासमोर जाऊन मांडी घालून बसले आणि घड्याळ त्यांच्या नाकासमोर धरून राहिले, ते त्यांचं तोंड मिटेपर्यंत. मिटल्यावर पंधरा मिनिटं पहिल्यापासून मोजली. जाताना न्यायाधीश जरा चिडूनच म्हणाले, "आणखी पाच मिनिटं दिली असतीत तर मी मुद्द्यावर आलो असतो."

"सोळावं मिनिट आपल्याकडे नसतं," मास्तर म्हणाले.

आता त्या अवसेबद्दल सांगते. यात माझाही हात होता, म्हणून ते लपवत नाही.

आषाढातली दिव्यांची अवस त्या वर्षी मंगळवारी आली. घरातले सगळे दिवे घासायचे, पाटावर मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, असा आमच्याकडे बायकांचा तो दिवस. मी सकाळपासून माईंच्या मदतीला होते. समई, निरांजन, लामणदिवा, सगळं चिंचेने घासून झालं. माईंनी बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. "अगं सुधा, तो कंदील राहिला की. तोही दिवाच ना? वर्षभर जळतो बिचारा." मी कोनाड्यातून कंदील आणला आणि राखेने त्याची काच लख्ख केली. माईंनी बोटाने काचेवर कुंकवाचा टिळा लावला, हळद लावली, आणि मी त्याच्या कडीला तगरीची माळ घातली. दोघींना तो इतका छान दिसला की संध्याकाळी आम्ही तो तसाच परत कोनाड्यात ठेवून दिला. काही चुकतंय असं आमच्या मनातही आलं नाही. दिव्याला कुंकू लावण्यात कसली चूक?

दुसऱ्या दिवशी बुधवार. माणसं जमली. मास्तरांनी शाळेतून येऊन घाईघाईने कंदील लावला. त्यांनी टिळा पाहिला की नाही, देव जाणे. मला वाटतं पाहिला आणि त्यांनाही तो बरा वाटला. कासीमभाई शेवटी आले. त्यांनी दारात चपला काढल्या, आत पाहिलं आणि पुन्हा चपला घातल्या.

"या ना," मास्तर म्हणाले.

"मास्तर, आता हा कंदील तुमचा झाला," कासीमभाई म्हणाले. आवाजात राग नव्हता, हे मला अजून आठवतं. "आपला होता तोवर मी बसलो. राग मानू नका."

ते गेले. घड्याळाचं झाकण त्या दिवशी उघडलंच नाही. मास्तर कोनाड्यासमोर उभे होते आणि त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा झाला होता. मी घाईने म्हटलं, "मी पुसते ना टिळा. ओलं फडकं आणते."

स्वयंपाकघराच्या दारातून माईंचा आवाज आला. "कुंकू पुसणार? माझ्या हातचं? माझ्या घरात?"

ते कुंकू काचेवरचं असलं तरी पुसायचं कुणी आणि कसं? सवाष्णीने लावलेलं कुंकू सवाष्णीच्या डोळ्यांदेखत पुसणं म्हणजे काय, हे त्या खोलीत मला आणि माईंना कळत होतं, आणि मास्तरांनाही कळत होतं. माईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी काय वाईट केलं हो? तुमच्या उजेडालाच तर ओवाळलं."

"तू काही चुकली नाहीस," मास्तर म्हणाले. "चूक माझी. मी उजेड भांड्यात ठेवला." त्यांनी कंदील कोनाड्यातून काढला आणि माईंच्या हातात दिला. "हा आता तुझा. विहिरीवर, अंगणात, कुठेही वापर. टिळा राहू दे."

मला वाटलं, संपलं. खोली रिकामी, कंदील गेला, माणूस दाराशी अडला. दुसरा कुणी असता तर त्याने दोन महिने हळहळ केली असती आणि वडिलांचा फोटो पुन्हा खिळ्यावर लावला असता.

मास्तर पुढच्या बुधवारी साडेसहाला कासीमभाईंच्या दुकानात जाऊन बसले. पिपावर, मोडक्या स्टोव्हच्या गर्दीत, हातात घड्याळ. एक शब्द बोलले नाहीत. पंधरा मिनिटं झाली, टक्क, उठून घरी. कासीमभाई डाग देत राहिले. पुढचा बुधवार, तसंच. तिसऱ्या बुधवारी मीही सोबत गेले, म्हटलं बघू तरी. कासीमभाईंनी माझ्यासाठी डबा उपडा घातला आणि काम सुरू ठेवलं. चौथ्या बुधवारी मास्तर बसल्यावर त्यांनी हातातलं डाग द्यायचं लोखंड खाली ठेवलं.

"मास्तर, तुम्ही कुंकू पुसून टाकलं असतं ना, तरी मी आलो नसतो," ते म्हणाले. "माईंच्या हातचं ते. ते पुसून मी कुठे बसू?"

"पुसलं नाही."

"मालूम आहे. सुधाताई बोलली."

पावसाने उघडीप दिली होती. दुकानाच्या मागच्या पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं आणि त्यातून मावळतीच्या उन्हाची तिरीप आत आली होती. समोरच्या भिंतीवर चार आण्याएवढा ठिपका. डाग दिल्याचा धूर खोपटीत भरला होता आणि भोकापासून भिंतीपर्यंत उजेडाचा सरळ पट्टा उभा होता. मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मीही बघत होते, आणि खरं सांगते, तो माझ्या तीनदा ऐकलेल्या धड्यातलाच पट्टा असूनही मला पहिल्यांदाच काहीतरी दिसलं.

कासीमभाई वरमले. "ते भोक बुजवायचं राहिलंय. पाऊस आत येतो."

"बुजवू नका," मास्तर म्हणाले आणि घड्याळ न मिटताच उठले. माझ्या माहितीत ते तसे उठले ते तेवढ्या एका वेळी.

त्यांच्या बाहेरच्या खोलीला पूर्वेकडे खिडकी नव्हती. पलीकडे एका व्यापाऱ्याचा मोकळा प्लॉट होता, गवताचा. मास्तरांनी गवंड्याला बोलावलं. गवंडी भिंत ठोकून म्हणाला, "वर तुळई बसलीय, मास्तर. इथं हात लावाल तर छप्पर अंगावर येईल." मास्तरांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं, रात्रभर वहीत भार आणि टेकू यांची आकडेमोड केली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच छिन्नी-हातोडा घेऊन भिंतीपुढे बसले. साठीला आलेला माणूस. शाळेतून आले की तासभर ठोकायचे. हाताला फोड आले, फडकं बांधून ठोकायचे. माई म्हणायच्या, "अहो, छप्पर पडलं तर?" ते म्हणायचे, "मग जास्त उजेड." माईंना हसू यायचं आणि मग आपण रागावलोय हे आठवायचं. खिडकीला वरून पत्र्याची झडप हवी होती. एका रविवारी कासीमभाई पत्रा, कात्री आणि मापपट्टी घेऊन आले, कुणी बोलावलं नसताना, आणि दुपारपर्यंत झडप बसवून गेले.

दिवाळीनंतर बुधवार पहाटेचा झाला. उजाडताना बसायचं. दिवा नाही, काहीच नाही. खिडकी आधी काळी, मग राखाडी, आणि मग फरशीवर उजेडाचा एक तुकडा येऊन पडे. त्याला टिळा लावायची सोय नव्हती आणि माळ घालायचीही. कासीमभाई कल्याणहून पहिल्या गाडीने येत, अम्मा त्याच गाडीत शहाडहून बसलेली असे. मला पहाटे उठायचा भयंकर कंटाळा, तरी मी उठायची. कंदील माईंकडे राहिला. दर वर्षी दिव्यांच्या अवसेला त्या तो घासायच्या आणि नवा टिळा लावायच्या. कासीमभाई येता-जाता तो अंगणात पाहत आणि एकदा त्यांनी स्वतःहून त्याची वात बदलून दिली. "कंदील म्हणून मी त्याला कधी नाय म्हटलंच नव्हतं," ते माईंना म्हणाले.

अशी चार-पाच वर्षं गेली. मग व्यापाऱ्याच्या प्लॉटवर खांब उभे राहिले. ठाण्यात तेव्हा जिथे तिथे इमारती उठत होत्या. आमच्या खिडकीसमोर तीन मजली उठायला लागली. मास्तरांनी तक्रार केली नाही. उजेडाचा तुकडा ज्या वेळेला पडे ती वेळ ते दर बुधवारी खडूने फरशीवर लिहीत. आज सहा चाळीस. पुढच्या महिन्यात सात दहा. मग आठ. दुसरा स्लॅब भरल्यावर एके दिवशी उजेडाचा तुकडा पडलाच नाही आणि खडू त्यांच्या हातातच राहिला. ते उठले आणि तडक व्यापाऱ्याकडे गेले. "तुमच्या गच्चीवर बुधवारी पहाटे पंधरा मिनिटं बसू द्या." व्यापारी सभ्यपणे म्हणाला, "मास्तर, धर्माचं काही नको. उद्या कुणी देऊळ म्हणेल, कुणी मशीद." मास्तर म्हणाले, "मी पुढच्या बुधवारी पुन्हा येईन विचारायला." सात बुधवार ते विचारायला गेले. आठव्या बुधवारच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला.

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, बोलणं जड झालं. मी शेजारून रोज जात असे. ते पलंगावरून त्या बंद पडलेल्या खिडकीकडे पाहत आणि डाव्या हाताची बोटं मोजत. किती बुधवार गेले ते मोजत होते. कासीमभाई येऊन पायाशी बसायचे. एकदा मास्तर मोठ्या कष्टाने म्हणाले, "दाराशी... मीच... अडलो." मला रडू आवरेना. माई चुलीपाशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

संक्रांतीनंतर माईंनी हळदीकुंकू केलं. नवरा अंथरुणात असताना ह्यांना हे काय सुचलं, असं आळीत बायका कुजबुजल्या. मीसुद्धा मनात म्हटलं. माईंनी व्यापाऱ्याच्या बायकोला मुद्दाम बोलावलं. हळद लावली, कुंकू लावलं, अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ, सगळं झालं. वाण द्यायची वेळ आली तेव्हा माई वाणाचं ताट हातात धरूनच थांबल्या आणि म्हणाल्या, "आज वाण मी देणार नाही, मागणार आहे. तुमच्या गच्चीवर आठवड्यातून एकदा, उजाडताना, पंधरा मिनिटं. देऊळ होणार नाही, मशीद होणार नाही, याची हमी माझी." ती बाई माझ्याच वयाची असेल. ती माईंच्या कपाळाकडे बघत राहिली, मग पाया पडली आणि म्हणाली, "यांना मी सांगते."

त्या बुधवारी पहाटे कासीमभाई वेताची एक खुर्ची घेऊन आले. तिच्या दोन्ही बाजूंना बांबू बांधले होते. आम्ही मास्तरांना शाल गुंडाळून खुर्चीत बसवलं. एक बाजू माझ्या भावाने आणि नागावकर सरांनी धरली, दुसरी बांधकामावरच्या दोन गड्यांनी. इमारतीला अजून वीज नव्हती आणि जिना काळाकुट्ट होता. माईंनी कंदील पेटवून आणला होता. काचेवर आषाढातला टिळा, वाळून काळपट झालेला. जिन्याच्या पायथ्याशी माई अडखळल्या. एका हातात कंदील, दुसऱ्यात मास्तरांचं घड्याळ, आणि पदर पायात येत होता.

"द्या माई इकडे," कासीमभाई म्हणाले. "उजेड पुढं पायजे."

त्यांनी तो कंदील घेतला आणि सगळ्यांच्या पुढे चढू लागले. टिळ्याची सावली नव्या भिंतीवरून आमच्या बरोबर वर चढत होती. मी मागून ते पाहत होते. प्रत्येक वळणावर कासीमभाई थांबत, कंदील उंच धरत, म्हणत, "सांभाळून, मास्तरांचा पाय." असे तीन मजले.

गच्चीवर अम्मा आधीच येऊन बसली होती. कोपरीच्या बाजूला, खाडीपलीकडे, आभाळ फिकट झालं होतं. खुर्ची पूर्वेकडे तोंड करून ठेवली. मास्तरांनी डावा हात जरा उचलला आणि कंदिलाकडे बोट केलं. कासीमभाईंना कळलं. इतक्या वर्षांत त्या घरी दिवा फुंकत नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वात हळूहळू खाली घेतली, ज्योत आपली आपण गेली आणि त्यांनी कंदील माईंच्या पायाजवळ ठेवला.

माई जायला वळतील असं मला वाटलं. त्या वळल्या नाहीत. मास्तरांच्या खुर्चीला टेकून खाली बसल्या, सतरंजी नसलेल्या सिमेंटवर, मांडीवर उघडं घड्याळ घेऊन. उजाडलं. आधी पाण्याच्या टाकीवर, मग नागावकर सरांच्या टोपीवर, मग कासीमभाईंच्या पांढऱ्या दाढीवर ऊन आलं. शेवटी ते मास्तरांच्या तोंडावर आलं आणि त्यांनी डोळे मिटले नाहीत.

मी त्या उन्हाळ्यात लग्न होऊन नागपूरला गेले. मास्तर पावसाळ्याच्या आधी गेले, ते मला पत्राने कळलं. म्हणून माझ्यापाशी राहिले आहेत ते त्या गच्चीवरचे मास्तर.

त्या पहाटे पंधरा मिनिटं झाली होती. ऊन चढलं होतं आणि खाली दूधवाल्याची घंटा वाजत होती, तरी झाकण वाजलं नाही. मास्तरांनी मान वळवून घड्याळाकडे पाहिलं, मग माईंकडे, आणि डाव्या हाताचं बोट उचललं.

"थांबा हो जरा," माई समोरून नजर न काढता म्हणाल्या. "मी आत्ताच तर बसलेय."

आणि ज्या माणसाने न्यायाधीशाला सोळावं मिनिट दिलं नव्हतं, त्याने ते बोट हळूच खाली घेतलं.